बांध, तिवरं आणि चिंबोऱ्या: गावाने मिळून मॉडेल मांडायचं म्हणजे काय?

रायगडच्या खारेपाटातून, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यातून, मोठ्या उधाणाच्या दिवसांत ठरलेली बातमी येते. अमुक गावाच्या बांधाला खांड गेली, खाडीचं पाणी भातशेतीत शिरलं, पंचनाम्याची मागणी झाली. दोन दिवसांत बातमी जुनी होते आणि खारं पाणी शेतात राहतं. त्याच किनाऱ्यावर मोठमोठ्या कामांच्याही बातम्या आहेत. पालघरला वाढवण बंदर, खाली रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आणि त्यावरचे खाडीपूल. अशा प्रकल्पासाठी जनसुनावणी होते. वाढवणची १९ जानेवारी २०२४ ला झाली.

जनसुनावणीत माणूस उठतो, माईक हातात घेतो, आपलं म्हणणं मांडतो आणि खाली बसतो. शेतकरी शेताचं बोलतो, कोळी मासळीचं, अधिकारी नियमाचं. सगळं लिहून घेतलं जातं. पण शेतकऱ्याचं ऐकून कोळ्याच्या मनातलं चित्र बदलावं किंवा कोळणीचं ऐकून अभियंत्याच्या, यासाठी त्या मांडवात जागाच ठेवलेली नसते. मला ही उणीव फार मोठी वाटते. ती भरून काढायची एक पद्धत जगात गेली काही दशकं वापरात आहे. तिचं नाव 'सहभागी मॉडेलिंग'. निसर्ग आणि माणसं यांची जिथे गुंतागुंत झाली आहे, तिथे त्यात अडकलेल्या सगळ्यांनी एकत्र बसून त्या गुंत्याचं चित्र मांडायचं आणि 'असं केलं तर काय होईल?' हे त्या चित्रावर करून बघायचं, एवढाच तिचा अर्थ.

मॉडेल म्हणजे संगणक नव्हे

मॉडेल म्हटलं की पडद्यावरचे आलेख डोळ्यांपुढे येतात. पण कोकणातल्या कित्येक घरांत एक मॉडेल पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. पंचमीला पावणेचार. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, हे सगळं खगोलशास्त्र त्या एका गुणाकारात बसवलेलं आहे.

हा हिशोब तंतोतंत बरोबर नाही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि पाणी बऱ्याचदा बाराच्या जवळ भरतं. वारा, खाडीचं तोंड, आत आलेला गाळ, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. तरी होडी कधी काढायची आणि कालवं काढायला कधी उतरायचं, हे ठरवायला तो पुरतो. मॉडेल असंच असतं. खऱ्या जगातल्या हजार गोष्टींपैकी कामाच्या चार निवडायच्या, त्यांचा एकमेकींशी संबंध मांडायचा, बाकीच्या जाणूनबुजून सोडायच्या. काय सोडलं हे माहीत असेल तर चुकीचं मॉडेलही उपयोगी पडतं.

अडचण अशी की भरतीचं मॉडेल गावात सगळ्यांचं एकच असतं, पण खाडीचं, शेतीचं, बांधाचं मॉडेल प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. तिथूनच भांडण सुरू होतं.

कणगी आणि बंब

अशा चित्रात तीन गोष्टी पुन्हापुन्हा येतात. त्या कळल्या की बाकीचं सोपं आहे.

पहिली गोष्ट साठा. घरातली भाताची कणगी आठवा. झोडणी झाली की भरते, वर्षभर उपसली जाते. आज कणगीत किती भात आहे हे आवक आणि जावक यांवर ठरतं, कुणाच्या इच्छेवर नाही. खाडीतली मासळी, जमिनीतलं मीठ, गावातली बांधबंदिस्तीला येऊ शकणारी माणसं हेही साठेच.

दुसरी गोष्ट चक्र. एका गोष्टीचा परिणाम फिरून तिच्याच मुळाशी येतो. काही चक्रं घसरण वाढवत नेतात. सावकाराचं व्याज तसं. काही चक्रं सावरून धरतात. मासळी कमी झाली, डिझेलचा खर्च निघेना, होड्या किनाऱ्याला राहिल्या की मासळीला श्वास घ्यायला उसंत मिळते.

तिसरी गोष्ट विलंब, आणि माणसं सर्वांत जास्त फसतात ती इथेच. तांब्याचा बंब पेटवून आंघोळ केलेल्यांना हे कळेल. लाकडं घातली, पाणी कोमटच, म्हणून आणखी घातली, तरी कोमटच, म्हणून अजून घातली. मग पहिल्याच तांब्याला अंग पोळतं. लाकूड घालणं आणि पाणी तापणं यांच्यामधला वेळ आपण हिशोबात धरला नाही, एवढीच चूक. निसर्गात हा वेळ तासांचा नसतो, वर्षांचा असतो.

साठे, चक्रं आणि विलंब यांच्या भाषेत कारखान्यांचे आणि पुढे शहरांचे प्रश्न मांडायला १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी सुरुवात केली. तेव्हा मॉडेल तज्ज्ञ करीत आणि निष्कर्ष इतरांना सांगत. पुढे लक्षात आलं की निष्कर्ष सांगून कुणाचं वागणं फारसं बदलत नाही. ज्यांनी स्वतः चित्र जोडलेलं असतं ती माणसं मात्र बदलतात.

एक गाव, एक खांड

समजा, धरमतर खाडीच्या काठी एक गाव आहे. गाव कल्पनेतलं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट खारेपाटातल्या माणसाच्या ओळखीची असेल. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधाला उघाडी, म्हणजे झडपेचा दरवाजा. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार मिटतं आणि खारं पाणी बाहेर थांबतं. आत राता भात, नाहीतर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेली खारट जमिनीत तगणारी जात. घरामागच्या तळ्यात जिताडा मासा. बांधाबाहेर तिवरांची, म्हणजे कांदळवनाची, दाट रांग.

एका उधाणाला बांधाला खांड गेली. आता देवळाच्या सभामंडपात पाचजण बसले आहेत. शेतकरी, डोल (पाण्याच्या ओढीत उभं राहणारं पिशवीसारखं जाळं) लावणारा कोळी, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे पकडणारी काकी, खारभूमी खात्याचा अभियंता आणि वनरक्षक. मध्ये जमिनीवर मोठा कागद. मांडणी करून देणारी एक व्यक्ती आहे. तिने मत द्यायचं नाही, फक्त विचारायचं, 'मग पुढे काय होतं?' आणि 'याच्या आधी काय झालं होतं?'

शेतकरी सुरुवात करतो. खारं पाणी शिरलं, पीक गेलं, शेत पडीक राहिलं. त्याच्या मते गोष्ट इथे संपते. पण 'मग पुढे काय होतं?' असं विचारल्यावर तो थोडा थांबून म्हणतो, "पडीक शेताकडं कोण जातंय? पूर्वी रोज कोणी ना कोणी बांधावरून चालायचं. खेकड्याचं बीळ दिसलं की तिथल्या तिथं चिखल थापायचं." कागदावर बाण पुढे सरकतो. शेत पडीक, म्हणून बांधावर पावलं कमी. पावलं कमी, म्हणून छोटं भोक कुणाला दिसत नाही. भोक मोठं होऊन नवी खांड. बाण फिरून पहिल्या जागी आला. आजवर शेतकऱ्याने खांडेला नेहमी कारण म्हणून पाहिलं होतं. आता तीच परिणामही असल्याचं तो स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्रात बघतो.

काकी म्हणते, "खांड गेली तेव्हापासून मला शेतात चिंबोरी मिळते, निवटी मिळते. माझ्या घरात त्याचा पैसा येतो." हे वाक्य जनसुनावणीत कुणी बोललं असतं तर शेतकरी उठून उभा राहिला असता. इथे तो फक्त एक बाण आहे. खारं पाणी आत, चिंबोऱ्या जास्त, काकीच्या घरात चार पैसे, आणि म्हणून खांड बुजवायला गावातल्या काही घरांचा मनातून विरोध. हा विरोध आजवर कुणाला दिसला नव्हता, कारण तो कधी बोललाच गेला नव्हता.

कोळी सांगतो की बाहेरची तिवरं तोडली तिथेच बांध आधी फुटला. तिवरं लाटांचा जोर घेतात, मुळांत गाळ धरतात, आणि कोलंबीची पिल्लं त्याच मुळांत वाढतात. शेतकऱ्याला तिवर म्हणजे शेतावरचं आक्रमण. कोळ्याला ती बांधाची ढाल. दोघंही खरं बोलत आहेत. एक बांधाच्या आतल्या तिवरांबद्दल बोलतोय, दुसरा बाहेरच्या. वर्षानुवर्षं एकाच शब्दावरून वाद चालू होता आणि शब्द दोन जागांचा होता.

वनरक्षक नियम सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातली कांदळवनं तोडायला बंदी घातली, जमीन खाजगी असली तरी. २०१८ च्या निकालाने ते संरक्षण कायम झालं. म्हणजे सातबारा शेतकऱ्याचा असला तरी त्यावर तिवरं उभी राहिल्यावर ती काढून पुन्हा भात लावणं त्याच्या हातात राहत नाही. अभियंता सांगतो की बांध शासकीय योजनेतला की खाजगी, यावर दुरुस्ती कुणी करायची ते ठरतं. शासकीय असला तरी अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत वेळ जातो.

आता मांडणी करणारी व्यक्ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: तुमच्या बाणाला किती वेळ लागतो?

शेतकरी म्हणतो, लगेच बुजवलं तर चांगल्या पावसात मीठ धुवून जातं, पुढच्या-नंतरच्या हंगामात भात होतो. काकी म्हणते, तिवराची रोपं पहिल्याच पावसानंतर चिखलात दिसू लागतात, दोन-तीन पावसाळ्यांत कमरेला लागतात. वनरक्षक म्हणतो, तिवरं उभी राहिली की विषय माझ्याकडे येतो. अभियंता आपल्या बाणावर लिहितो, 'दोन ते तीन वर्षं', आणि लिहून झाल्यावर कागदाकडे बघत राहतो.

पाचजणांपैकी एकालाही हे एकट्याने कळलं नसतं. शेत परत मिळवायची खिडकी दोनेक पावसाळ्यांची आहे आणि दुरुस्तीची सरकारी वाट तिच्याहून लांब. सरकारी कागद वेळेत हलला तरी शेत कायमचं जाऊ शकतं. कुणी कामचुकारपणा केला म्हणून नाही, दोन विलंब एकमेकांत बसत नाहीत म्हणून. तज्ज्ञ या गोष्टीला 'सामूहिक शिक्षण' म्हणतात. माहिती आधी पाच डोक्यांत विखुरलेली होती. ती जोडल्यावर जे नवं दिसलं ते पाचहीजणांनी एकाच वेळी पाहिलं.

यानंतर प्रश्न आपोआप बदलतो. 'खांड बुजवायची की नाही?' हा प्रश्न मागे पडतो. पहिल्या उन्हाळ्यातच गावाने मातीची तात्पुरती भर घातली तर? सगळं शेत परत न घेता खालचा खोलगट तुकडा तिवरांना आणि चिंबोऱ्यांना सोडला तर? त्या तुकड्याचं उत्पन्न काकीला आणि जमीनमालकाला कसं वाटायचं? उत्तर मॉडेल देत नाही, पण हे प्रश्न विचारण्याइतका विश्वास त्या कागदाभोवती तयार होतो.

खेळ खेळून काय होणार?

कागदावरचं चित्र पुढे नेलं की खेळ होतो. प्रत्येकाला भूमिका मिळते, ठरावीक पैसा, जाळी, जमीन. एक फेरी म्हणजे एक वर्ष. 'लिमिट्स टु ग्रोथ' हा १९७२ चा गाजलेला अहवाल लिहिणाऱ्यांपैकी डेनिस मेडोज यांनी १९८० च्या दशकात मासेमारीवर असाच खेळ तयार केला. गट होड्या विकत घेतात, मासे पकडतात, आणखी होड्या घेतात. बहुतेक वेळा मासळी संपते आणि किनाऱ्याला चांगल्या होड्या रिकाम्या उभ्या राहतात. खेळणाऱ्यांना धक्का बसतो तो यामुळे की कुणीच वाईट वागलेलं नसतं.

भूतानमधल्या लिंगमुतेछू खोऱ्याचं उदाहरण मला कोकणाच्या सर्वांत जवळचं वाटतं, कारण तिथेही गोष्ट भाताच्या लावणीची आहे. वरच्या अंगाला लिम्बुखा गाव, खाली दोम्पोला. रिवाज असा की भूतानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी वरचं गाव पाणी सोडणार, तोवर खालच्याने थांबायचं. भांडण जुनं होतं. २००३ च्या सुमारास संशोधकांनी दोन्ही गावांतल्या शेतकऱ्यांना पाणीवाटपाचा खेळ खेळायला बसवलं आणि एका टप्प्यावर भूमिका अदलाबदल केल्या. वरचा खाली, खालचा वर. पुढे हे काम खोऱ्यातल्या इतर गावांपर्यंत गेलं आणि सगळ्यांची मिळून पाणलोट समिती उभी राहिली. अशा कामाची पद्धत फ्रान्सच्या सिराड संस्थेतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून घडवत आणली आहे.

नुसत्या बोलण्याने फरक पडतो का, या शंकेवर एलिनोर ऑस्ट्रॉम यांचं काम आहे. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, २००९ मध्ये. सामाईक साठ्यातून प्रत्येकाने किती उचलायचं, असे प्रयोग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. खेळणाऱ्यांना समोरासमोर बोलू दिलं की ओरबाडणं लक्षणीय कमी झालं, ठरलेलं मोडणाऱ्याला शिक्षा नसतानाही.

आणि संगणक? तो शेवटी येतो, आला तर. बाण आणि वेळा ठरल्यावर पन्नास वर्षांच्या फेऱ्या क्षणात फिरवून बघायला तो कामाचा. सुरुवात त्याच्यापासून केली की माणसं गप्प होतात आणि पडद्याकडे बघत बसतात.

ग्रामसभा आहे की, मग हे कशाला?

ग्रामसभा ठराव करते, म्हणून तिथे हात वर होतात किंवा होत नाहीत. मॉडेलच्या बैठकीत ठराव करायचाच नसतो. आधी समजून घेणं आणि मग ठरवणं, ही दोन कामं वेगळी ठेवली तर ग्रामसभेचंच काम सोपं होतं. शिवाय खाडी एका ग्रामपंचायतीची नसते. वरच्या गावाने उघाडी बंद केली की पाणी खालच्या गावात चढतं आणि त्या दोन गावांची ग्रामसभा एक नसते.

बोलणारेच बोलणार, त्याचं काय?

ही शंका मला सर्वांत खरी वाटते. ज्याच्या हातात पेन त्याचं चित्र. ज्याची जमीन मोठी त्याचा बाण जाड. याच खारेपाटात चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची शेती न कसता संप केला, तो हिशोब एकाच बाजूने मांडला जायचा म्हणून. मॉडेल आलं म्हणून ही दरी आपोआप भरत नाही. उलट निष्काळजीपणे केलं तर मोठ्यांच्या मताला 'शास्त्रीय' शिक्का मिळण्याचा धोका आहे.

म्हणून काही गोष्टी हट्टाने कराव्या लागतात. बायकांची मांडणी आधी वेगळी घ्यायची आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. ज्याच्या नावावर सातबारा नाही पण ज्याचं पोट खाडीवर आहे, त्याला बोलावणं धाडायचं. चित्राची हद्द कुठे थांबते हे विचारायचं. गावाची हद्द काढून खाडीत चालणाऱ्या मोठ्या बार्जेस बाहेर ठेवल्या तर बांध फुटण्याचा सगळा दोष खेकड्यांवर आणि गावावर येईल. आणि बैठक कुणी बोलावली, खर्च कुणाचा, हे पहिल्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं. प्रकल्पाचा निर्णय आधीच झाला असेल आणि गावाला फक्त चित्र काढायला बसवणार असतील, तर गावाने बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांचा वेळ आणि भरवसा दोन्ही साठेच आहेत, आणि भरवशाची कणगी फार सावकाश भरते.

शिकलेली नसलेली माणसं हे करू शकतील?

पाऊणपटीचा हिशोब ज्यांनी केला त्यांच्या वंशजांबद्दल हा प्रश्न विचारला जातो, याचं मला वाईट वाटतं. लिहिता येत नसेल तर कागदाऐवजी अंगण घ्यावं. खाडीसाठी रांगोळी, तिवरांना काटक्या, शेताला भाताचे दाणे, चिंबोऱ्यांना शिंपले. बाणाला सुंभ चालतो. मांडणी मोडून पुन्हा करता येते, हा अंगणाचा कागदावर फायदाच आहे.

खरी अडचण वेळेची आहे. जून-जुलैमध्ये मासेमारीबंदी असते, होड्या किनाऱ्याला असतात, पण तेव्हा शेतकरी लावणीत असतो. भात घरात आला की शेतकरी मोकळा, पण कोळी समुद्रावर. रविवार बघून बैठक ठेवली तर अर्धी माणसं येत नाहीत आणि मग 'लोकांना रस नाही' असा अहवाल जातो. डोल चालते ती उधाणाच्या ओढीवर. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, पाण्याला जोर नसतो आणि डोलकर घरी असतो. तेव्हा तारीख कॅलेंडरवर नाही, तिथीवर काढायची. पौष-माघातली अष्टमी धरली तर शेतकरीही सापडतो. त्या दिवशी भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. काकी तेव्हा खाडीत उतरलेली असणार. ती चिंबोऱ्या विकून मोकळी झाली की दिवेलागणीला बसायचं.

पहिल्या बैठकीनंतर कागद गुंडाळून माळ्यावर गेला तर सगळं वाया. तो देवळाच्या भिंतीवर लावायचा. उघाडीच्या खांबावर फुटाफुटाला रंगाच्या रेघा ओढायच्या, दर अमावास्या-पौर्णिमेला पाणी कुठल्या रेघेपर्यंत चढलं ते पोराटोरांनी येऊन कागदावर लिहायचं, आणि पुढच्या माघात त्याच पाचजणांनी त्या आकड्यांसमोर बसून कुठला बाण चुकला ते शोधायचं.